लिटर-किलोच्या दोन पात्या

माळव्यातल्या धारच्या लाट मशिदीच्या आवारात लोखंडाचे तीन अजस्र तुकडे आडवे ठेवलेले आहेत. एकापुढे एक लावले तर सव्वातेरा मीटरच्या आसपास लांबीचा खांब होतो. दिल्लीचा तो प्रसिद्ध लोहस्तंभ सव्वासात मीटरचा, म्हणजे धारचा जवळजवळ दुप्पट. आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी धारच्या खांबाचं वजन सुमारे ७,३०० किलो काढलं होतं.

आता भागाकार करा. एक लिटर जागेत लोखंड बसतं साधारण ७.८ किलो. ७,३०० भागिले ७.८, उत्तर ९३६ लिटर. हा अख्खा खांब वितळवून गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत ओतला (टाकी प्लॅस्टिकची आहे हे घटकाभर विसरू) तर तो मावेल आणि वर तीन बादल्या पाण्याला जागा उरेल! गुजरातच्या सुलतान बहादूरला तो पळवून न्यायचा होता. उतरवताना खांब पडला आणि मोडला, असं जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. पुढे जहांगिराने स्वतःच हुकूम सोडला की मोठा तुकडा आग्र्याला न्यावा आणि अकबराच्या कबरीपाशी दिवा लावायला उभारावा. तुकडा धारमध्येच राहिला. हजार लिटरच्या आत मावणारी वस्तू, पण दोन बादशाह्यांना हलली नाही.

धारचे लोक या लाटेची, म्हणजे खांबाची, वेगळीच कहाणी सांगतात. एक धिप्पाड तेलीण होती, हा खांब म्हणजे तिच्या तराजूची दांडी आणि आसपासचे धोंडे ही तिची वजनं. तेल मापून द्यायचं की तोलून, हा तंटा किती जुना आहे बघा. त्याच्याकडे पुढे येऊच.

एका घरात जन्मले, वेगळे निघाले

लिटर आणि किलो यांचं नातं समजून घ्यायला माळव्यातल्याच देवासइतकं सोयीचं गाव नाही. तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार हे सख्खे भाऊ. त्यांच्यामागे एकाच गावात दोन राज्यं झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन गाद्या, दोन दरबार. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा सेक्रेटरी होता आणि या दुहेरी कारभाराने तो चकित होऊन गेला होता. लिटर आणि किलोचंही असंच. १७९५ मध्ये फ्रान्सने मेट्रिक पद्धत आणली तेव्हा दोघांचा जन्म पाण्यातून झाला. दहा सेंटीमीटर लांब, तितकंच रुंद, तितकंच उंच असं भांडं म्हणजे लिटर, आणि त्यातलं पाणी म्हणजे किलो.

पाण्यापुरते दोघे एका घरात नांदतात. तेल आलं, दूध आलं, गहू आला, की प्रत्येकाचा दरबार वेगळा.

तसं पाहिलं तर पाण्यापाशीही एकदा कुरबुर झाली. १९०१ साली शास्त्रज्ञांनी ठरवलं की लिटर म्हणजे एक किलो पाण्याला लागणारी जागा. नंतर बारीक मोजणी झाली तेव्हा ही जागा हजार घन सेंटीमीटरपेक्षा किंचित जास्त भरली. किती? २८ घन मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या थेंबाहून थोडं जास्त. या अर्ध्या थेंबासाठी १९६४ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने व्याख्या मोडीत काढली आणि लिटर पुन्हा बरोबर हजार घन सेंटीमीटरचा केला. भारताने मेट्रिक वजनमापांचा कायदा केला होता १९५६ मध्ये. म्हणजे आपल्याकडे लिटर आला तो अर्धा थेंब जादा घेऊनच!

शून्यं कुठे घसरतात

लांबीत मीटरपासून सेंटीमीटरपर्यंत शंभरचा फरक, म्हणून घनमीटरात शंभर घन सेंटीमीटर असतील असं वाटणारे पुष्कळ. असतात दहा लाख. लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडे शंभर, म्हणून शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर. डोक्यात एवढंच ठेवलं तरी पुरे: एक घन सेंटीमीटर म्हणजे एक मिलिलिटर आणि पाण्याचा एक ग्रॅम, हजार मिलिलिटरचा लिटर आणि पाण्याचा एक किलो, हजार लिटरचा घनमीटर आणि पाण्याचा एक टन. पाणीपट्टीच्या बिलावर जो किलोलिटर येतो तो हाच घनमीटर.

बादशहा किती लिटरचा?

मांडवगड आज धार जिल्ह्यात आहे. १६१७ साली जहांगिराचा मुक्काम तिथे होता आणि १ सप्टेंबरला त्याच्या वाढदिवसाची तुला झाली. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हजर होता आणि त्याने सगळं टिपून ठेवलंय: चौफेर पाणी असलेली बाग, सोन्याची पारडी, सोन्याच्या साखळ्या, आणि त्या तुटू नयेत म्हणून आधाराला रेशमी दोर. बादशहा एका पारड्यात मांडी घालून बसला, दुसऱ्यात पिशव्या चढल्या. रोला सांगण्यात आलं की चांदीत बादशहाचं वजन नऊ हजार रुपये भरलं.

मोगली रुपया साधारण ११.४ ग्रॅमचा. नऊ हजार रुपये म्हणजे १०२ किलो ६०० ग्रॅम. बादशहा खात्यापित्या घरचा होता, हे इतिहासाला माहीतच आहे.

यापुढची गंमत लिटरची. माणसाचं शरीर पाण्याच्या जवळपास वजनाचं, त्यामुळे जहांगिराने जागा व्यापली असणार शंभरेक लिटर. समोरच्या पारड्यातली चांदी मात्र, एका गोळ्यात ओतली तर, फक्त पावणेदहा लिटर. अर्धी बादली! कारण चांदीचा लिटर साडेदहा किलोचा. सोनं आणखी आखडतं, लिटरला १९.३ किलो. म्हणजे बादशहाच्या भारंभार सोनं पाच लिटरच्या तेलाच्या कॅनच्या थोडं वर जाईल, इतकंच.

सोन्याची पाळी आली तेव्हा पिशव्यांची तोंडं बंदच होती. रोने आपल्या रोजनिशीत शेरा मारला की मला काही दिसलं नाही, आत खडेही असतील. हा माणूस गणित जाणणारा असता तर पिशवी उघडायची गरजच नव्हती. खडे लिटरला अडीच-पावणेतीन किलोचे. शंभर किलो खडे रचायला नुसता घट्ट दगड धरला तरी अडतीस-चाळीस लिटर जागा हवी, मधल्या फटी धरून साठच्या पुढे. सोन्याला नाणी आणि दागिन्यांमधली पोकळी धरूनही दहाएक लिटर पुरतात. पिशव्यांचा नुसता आकार बघून बादशहाची लबाडी पकडता आली असती. दरबारात ते सांगायची हिंमत वेगळी.

शेवटी पीठ, लोणी आणि धान्य चढलं. लोणी सुमारे ११० लिटर झालं असेल. गहू असेल तर १३० लिटर, कारण गव्हाच्या दाण्यांमध्ये हवा असते. आणि समजा दूध चढवलं असतं तर? दुधाचा लिटर साधारण १.०३ किलो. बादशहाची तुला जवळजवळ नेमकी शंभर लिटर दुधाची.

पाण्याची गाडी आली हो

देवासने पाण्याचं वजन प्रत्यक्ष रुळांवर पाहिलंय. अनुपम मिश्र यांच्या 'आज भी खरे हैं तालाब' या पुस्तकात ही हकिकत आहे. तीस वर्षांत गावातले तलाव बुजवून त्यांवर घरं आणि कारखाने उभे राहिले आणि एके दिवशी पाणीच संपलं. २५ एप्रिल १९९० रोजी इंदूरहून पन्नास टँकर पाणी घेऊन रेल्वेगाडी देवासला आली. स्टेशनवर ढोल-नगारे वाजले, मंत्र्यांनी ते पाणी पिऊन योजनेचं उद्घाटन केलं.

मराठी वाचकाला इथे लातूर आठवणारच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' निघाली, आधी दहा वाघिणी, मग पन्नास. एका वाघिणीत साधारण पन्नास हजार लिटर, म्हणजे पन्नास टन. पन्नास वाघिणींचे २५ लाख लिटर, अडीच हजार टन. आगगाडीला हे ओझं म्हणून ओढावं लागतं आणि भाडं ओझ्याचंच पडतं. नळाने येणारं पाणी आपण लिटरात मोजतो म्हणून त्याचं वजन कधी जाणवत नाही.

आता याच्याशेजारी एक शेततळं ठेवा. वर ३० मीटर बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, बाजूंना एकास एक उतार. महाराष्ट्रात शेततळ्याच्या सरकारी योजनेतलं हे ओळखीचं माप. उतारामुळे तळाशी ते २४ बाय २४ होतं आणि पाणी मावतं २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर. एका शेतकऱ्याचं तळं आणि पन्नास वाघिणींची गाडी यांच्यात सहा वाघिणींचा फरक! देवासला हा हिशेब उशिरा का होईना उमगला. २००६ मध्ये जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना स्वतःच्या जमिनीत तळी खोदायला लावली. तळ्याला नाव 'रेवासागर', खोदणारा 'भगीरथ कृषक'. जिल्ह्यातल्या टोंकखुर्दकडे हजारोंनी तळी झाली. नावं जरा भारदस्त आहेत, पण एका गाडीइतकं पाणी साठवणाऱ्याला भगीरथ म्हटलं तर माझी हरकत नाही.

धारकडे २०२२ च्या ऑगस्टमध्ये उलटी तऱ्हा. कारम नदीवरचं धरण अजून बांधून व्हायचं होतं, तोच भिंतीतून पाणी झिरपू लागलं. धार आणि खरगोन मिळून अठरा गावं रिकामी केली आणि बाजूने चर खोदून पाणी सोडून दिलं. बातम्यांत आकडा होता १५ दशलक्ष घनमीटर, आपल्या पाटबंधारेवाल्यांच्या बोलीत १५ दलघमी. डोळ्यांपुढे काही येत नाही ना? दीड कोटी टन पाणी. पन्नास वाघिणींच्या सहा हजार गाड्या. टीएमसीत सांगायचं तर जेमतेम अर्धा, कारण एक टीएमसी म्हणजे २८.३ दलघमी. आणि आपल्या कोयनेत १०५ टीएमसी! टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. देश मेट्रिक होऊन इतकी वर्षं झाली, धरणं अजून फुटांतच भरतात.

नळीतले खडे

गच्चीवरचं पावसाचं पाणी गाळून कूपनलिकेत सोडणारी एक साधी नळी 'देवास फिल्टर' म्हणून देशभर ओळखली जाते. १४० मिलिमीटर व्यासाचा, १.२ मीटर लांबीचा पीव्हीसी पाइप, आत तीन कप्पे, कप्प्यागणिक वेगळ्या जाडीचे खडे. नळीचं घनफळ भरतं साडेअठरा लिटर. खड्यांनी ती काठोकाठ भरली तरी साधारण सात लिटर पाणी आत शिरतंच. 'भरलेलं' भांडं चाळीस टक्क्यांच्या आसपास रिकामं असतं, आणि गाळण्याचं सगळं काम त्या रिकामपणातून होतं.

पावसाचा हिशेब तर इतका सोपा आहे की तो शाळेत का शिकवत नाहीत कळत नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पडला की २,३६० लिटर, वजनात दोन टनांहून जास्त. गच्चीचं पाणी जायचं भोक तुंबलं की छपराला ते कळतं.

शीग

धान्य मापाने द्यायची रीत मराठी मुलखात आणि मराठी राज्यांत सारखीच चाले: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. बारा पायल्यांचा मण एका गावात, सोळाचा दुसऱ्यात. खळ्यावर तराजू टांगण्यापेक्षा पायली भरणं सोपं. पण मापात हात मारायला जागा फार. वरून धार धरून ओतलं की दाणे दाबून बसतात, अलगद भरलं की सैल राहतात. आणि मग शीग, मापावर चढणारा तो सुळका.

शिगेचं गणित जबरदस्त आहे. १५ सेंटीमीटर तोंडाच्या मापावर गव्हाची शीग चढते ती जेमतेम पाव लिटरची. तोंड दुप्पट, ३० सेंटीमीटर केलं की शीग आठपट होते, पावणेदोन लिटरच्या वर! कारण शिगेची उंचीही तोंडाबरोबर वाढते. घेताना पसरट माप आणि देताना उभट माप, एवढंच भांडवल असलेला सावकार उपाशी मेला नसेल. १ एप्रिल १९६० पासून मेट्रिक वजनं देशभर सक्तीची होऊ लागली आणि शिगेचं साम्राज्य हळूहळू खालसा झालं. शेर गेला तेव्हा तो ९३३ ग्रॅमचा होता, ८० तोळ्यांचा. ब्रिटिशांचा चांदीचा रुपया बरोबर एका तोळ्याचा असल्यामुळे ऐंशी रुपये पारड्यात टाकले की शेराचं काम भागे. पैसा हेच वजन!

गरम तेलाचा थंड हिशेब

माळवा म्हणजे सोयाबीनचा मुलूख, देवासला सोयातेलाचे कारखाने. तेव्हा तेलिणीच्या तंट्याकडे येऊ. तेल तापलं की फुगतं, वजन तेवढंच राहतं. काही कंपन्या पाकिटावर बारीक अक्षरात लिहीत: एक लिटर, ६० अंश सेल्सिअसला. साठ अंशांना तेल कोण विकत घेतं? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये आकडेच पुढे ठेवले. २१ अंशांना सोयातेलाचा लिटर ९१९ ग्रॅम, ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. लिटरमागे २६ ग्रॅम नुसत्या छापील उन्हात उडून जातात. विभागाने कंपन्यांना बजावलं की तापमान छापू नका आणि लिटरबरोबर वजनही लिहा.

डब्याचा घोळ याहून मोठा. दुकानात १५ किलोचा डबा मिळतो आणि १५ लिटरचाही, दिसायला भाऊ-भाऊ. १५ किलोच्या डब्यात साडेसोळा लिटरच्या आसपास तेल असतं; १५ लिटरच्या डब्यात पावणेचौदा किलोच्या आत-बाहेर. स्वस्त दिसलेला डबा सव्वा किलोने हलका निघतो. भाव विचारण्याआधी 'किलो की लिटर' विचारा.

जाता जाता

मांडवगडच्या सुलतानांनी १५०० च्या सुमारास 'नेमतनामा' हा पाककृतींचा सचित्र ग्रंथ करवून घेतला. त्यांच्या खानसाम्याचं त्यांच्यापाशी, आपल्या ओट्यावर मात्र हे लावून ठेवा: १५ मिलिलिटरचा मोठा चमचा भरून तेल १४ ग्रॅम, पाणी १५, मध २१.

पीथमपूर धार जिल्ह्यात. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने जपानच्या होंडाबरोबर तिथे कारखाना काढला आणि कायनेटिक होंडा घरोघर पोचली. इंजिन ९८ सीसी. सीसी म्हणजे घन सेंटीमीटर, म्हणजेच मिलिलिटर. सबंध कुटुंब शाळेला, बाजाराला, लग्नाला वाहून नेणाऱ्या स्कूटरच्या सिलिंडरची जागा कटिंग चहाच्या ग्लासाएवढी.

देवासची बँक नोट प्रेस १९७४ ची. तिथे नोटा छापण्याबरोबर त्यांची शाईही बनते. शाई म्हटलं की आपल्याला दौत आठवते, पण इथल्या शाईचं उत्पादन लिटरात नव्हे, टनांत सांगतात. नोटेवर हाताला लागणारे उठाव ज्या शाईने येतात ती लोण्यासारखी घट्ट, ती मापात ओतणार कशी?

घरच्या गॅस सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. सिलिंडरची जागा मात्र ३३.३ लिटरची. द्रवरूप गॅस लिटरला अर्ध्या किलोच्या जरा वर, त्यामुळे तो सव्वीसेक लिटर व्यापतो आणि बाकीची जागा फुगायला मुद्दाम सोडलेली. हलवल्यावर आत 'डुचमळतो' तो गॅसच, पाणी भरलंय अशी तक्रार करू नका.

दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत भारताचा प्रमाण किलो, क्रमांक ५७, जपून ठेवलाय. प्लॅटिनम-इरिडियमचा हा किलो जागा किती व्यापतो? साडेशेहेचाळीस मिलिलिटर. तीन मोठे चमचे.

आणि सराफाकडे आजचा दहा ग्रॅमचा तोळा. घनफळ अर्धा मिलिलिटर, साधारण दहा थेंब. सोनं लिटरात विकत नाहीत ते बरंच आहे. एका लिटरचा भाव ऐकायला एकोणीस किलो तीनशे ग्रॅमचं काळीज लागेल.